टाकं नसलेला डोंगर

गाडीच्या डिकीपाशी ऋतुराजनं दोन बाटल्या वडिलांच्या हातात दिल्या आणि तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तेवढ्यात मोहनरावांनी एक बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यात खोचली आणि दुसरी हळूच डिकीत, टॉवेलाखाली सरकवून दिली.

लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, आणि सहासष्टाव्या वर्षी किलोभर वजन काय असतं ते गुडघ्यांनाच ठाऊक. शिवाय वर पाणी असतंच. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतले सत्तर-ऐंशी किल्ले पालथे घातले होते, आणि ज्यावर खोदीव टाकं नाही असा एक गड काही त्यांना आठवत नव्हता. ऐन एप्रिलात खाली गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या असायच्या आणि वर टाक्यात दात शिवशिवतील असं पाणी. त्यातून नोकरी पुण्याच्या पाणीपुरवठ्यात. चौतीस वर्षं पंपावर. पाण्याचं त्यांना कुणी शिकवायचं?

“झालं का, बाबा?”

“मी केव्हाचा तयार आहे. तूच नटतोयस.”

ऋतुराजनं दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. दोघांमध्ये तीन आठवडे असंच चाललं होतं. जेवढ्यास तेवढं.

त्याला कारण होतं ते बाथरूममधलं पडणं. मागच्या पावसाळ्यात धायरीच्या फ्लॅटमध्ये मोहनराव फरशीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, डाव्या हातानं खिचडी लावली, डाव्या हातानं दाढी केली, आणि व्हिडिओ कॉलवर फोन असा धरला की नुसता चेहरा दिसावा. एकोणीस दिवस न्यूझीलंडमध्ये कुणाला पत्ता नव्हता. शेवटी शेजारची निवेदिता ऋतुराजशी फोनवर सहज बोलता बोलता म्हणाली, आता काकांचा हात बराच बरा आहे हं. ऋतुराजनं त्या दिवशी ऑफिसातून फोन करून वडिलांना जे सुनावलं, ते त्याच्या आईच्या हयातीत तो कधी बोलला नसता. पण शांताबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मधे पडायला कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात मोहनराव न्यूझीलंडला, मुलाच्या हॉर्नबीतल्या घरी आले. परतीचं तिकीट दोन मार्चचं. जानेवारी संपता संपता मुलानं विषय काढला, की आता इथंच राहायचं, कागदपत्रांचं मी बघतो. मोहनराव भडकले. मी काय म्हातारा झालोय का, अजून तुझ्यापुढे चालतो, असं म्हणाले. ऋतुराजचंही टाळकं तापलेलं. तो म्हणाला, ठीक आहे, तो डोंगरावरचा लूप करून दाखवा. पूर्ण, स्वतःच्या पायांनी. केलात तर दोन मार्चला मी स्वतः एअरपोर्टवर सोडतो, परत कधी विषय काढणार नाही. नाही झाला, तर तिकीट रद्द आणि धायरीचा फ्लॅट भाड्यानं.

“दोघांचीही डोकी एकाच कारखान्यातली,” सून स्नेहल म्हणाली आणि हॉस्पिटलच्या ड्यूटीवर निघून गेली.

तर तो लूप. डोंगराची धार घोड्याच्या नालासारखी वळलेली. आधी जंगलातून चढ, मग झाडं संपली की गवताळ धार, पहिलं शिखर, मधे खिंड, मग दुसरं, आणखी उंच शिखर, आणि पलीकडून उतरून पुन्हा याच गाडीपाशी. अठरा किलोमीटर. खिंडीतून एक वाट सरळ खाली दरीत उतरत होती, पाय गळालेल्यांसाठी. ती धरली की लूप मोडला.

जंगलात शिरल्यावर मोहनरावांनी जे पाय उचलले ते ऋतुराज बघत राहिला. बीच नावाची उंच झाडं, काजळी फासल्यासारखे काळे बुंधे, आणि सगळीकडे मधासारखा वास. झाडांवर नारिंगी त्रिकोण ठोकलेले, त्यांच्यामागून जायचं. वाट विचारायला गुराखी नाही, की पायाखाली करवंदाची जाळी नाही. कुत्र्याचं भुंकणंसुद्धा नाही. चार महिन्यांत मोहनरावांना या देशातली ही एकच गोष्ट अंगावर आली होती, की इथं माणूस दिसायला माणसाला गाडी काढावी लागते. हॉर्नबीत ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायचे, काही लागत नसलं तरी दूध घ्यायचे आणि परत यायचे. फ्रिजमध्ये दुधाच्या तीन-तीन बाटल्या साठायला लागल्या तेव्हा स्नेहलनं न बोलता ते दूध आटवून खवा केला. पोर गुणाची होती. तक्रार कुणाबद्दलच नव्हती. फक्त कुठंही जायचं तर “मला सोडतोस का रे?” म्हणावं लागायचं.

मागून शॉर्ट्स घातलेलं एक जोडपं हरणासारखं पुढे गेलं. “किया ओरा,” ती मुलगी म्हणाली.

“किया ओरा,” मोहनराव ठसक्यात म्हणाले. सहा वर्षांच्या नातीनं, सिद्धीनं, त्यांच्याकडून तो माओरी नमस्कार चाळीस वेळा घोटून घेतला होता.

तासाभरानं ओढा लागला. ऋतुराज टेकला, फिल्टर काढला आणि आपल्या बाटल्या काठोकाठ भरल्या. बाबांनाही भरून घ्या म्हणाला. मोहनरावांची एकुलती बाटली अर्ध्याखाली आली होती. ती त्यांनी कप्प्यात हलवून दाखवली आणि आहे की, म्हणाले. दुसरी सॅकमध्ये असेल असं तो समजला. समजू दे, असं यांनी ठरवलं.

झाडं संपली ती एकदमच, न्हाव्यानं मानेवर रेघ मारावी तशी. पुढे नुसतं गवत. कमरेइतके सोनेरी झुबके, वाऱ्याबरोबर सगळा डोंगर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखा दिसायचा. वारा वायव्येचा होता. गार असेल म्हणून त्यांनी तोंड पुढे केलं, तर भट्टीचं दार उघडावं तसा गरम झोत. फेब्रुवारीत इकडे असाच वाहतो, ऋतुराज म्हणाला, अंगातलं पाणी कधी गेलं कळत नाही.

पहिल्या शिखरावर साडेअकराला पोचले. ऋतुराजनं फोटो काढून स्नेहलला पाठवला. खाली सपाट मैदानात शेतांचे चौकोन, आणि लांब धुरकट दिसतंय ते शहर. मोहनरावांना ते दिसलंच नाही. त्यांना धायरीचं स्वयंपाकघर दिसत होतं. पहाटे साडेपाच, खिडकी उघडलेली, खालून पेपरवाल्याची सायकल, आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वेळेला केलेला चहा. झालंच आता, निम्मं तर संपलं. त्यांनी बाटली तोंडाला लावली. दोन घोट आले आणि बाटली रिकामी झाली.

ठीक आहे. आता टाकं शोधायचं.

पुढचा तासभर मोहनराव चालत होते आणि नजरेनं डोंगर पिंजत होते. टाकं कुठं असतं हे त्यांना पाठ होतं. वारा अडेल अशा कुशीत, कातळ सलग असेल तिथं, देऊळ असेल तर देवळाच्या मागं. इथं कातळ होता तो सगळा भुगा झालेला, पाय टाकला की घरंगळणारा. एका खोलगट जागी हिरवळ दिसली. लघवीला जाऊन येतो, तू हो पुढे, असं सांगून ते धारेवरून खाली उतरले. हिरवळीच्या मधोमध तळं होतं. म्हणजे कधीतरी असेल. आता भेगाळलेला चिखल आणि त्यात मेंढरांच्या खुरांचे ठसे.

ते तिथंच उभे राहिले. जीभ टाळूला चिकटली होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की गडावरचं पाणी डोंगराचं नव्हतंच कधी. ते माणसांचं होतं. कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन दोन-दोन वर्षं कातळ फोडला होता, कारण त्याला तिथं राहायचं होतं. या धारेवर कुणी गड बांधला नव्हता, शिबंदी ठेवली नव्हती. टाकं खोदणार कोण आणि कुणासाठी?

पंपावर असताना त्यांनी एका हेल्परला दोन दिवस कामावर उभं केलं नव्हतं. त्यानं विहिरीची पातळी न बघता पंप चालू ठेवला होता. पाणी नसताना पंप चालतो, आवाजही जरा मोकळा येतो, अडाण्याला वाटतं मशीन मजेत आहे. आत सील जळत असतं.

वर चढताना त्यांनी आधारासाठी गवताचा झुबका धरला. ते गवत नव्हतं. भाल्याच्या पात्यांची गड्डीच होती ती, तळव्यात तीन ठिकाणी घुसली. हात झटकताना पाय सुटला, आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की ते हात-गुडघ्यांवर आले. ओरडले नाहीत. ओरडायला तोंडात ओल नव्हती.

ऋतुराजला ते तसे सापडले. गुरासारखे हातापायांवर, तळहातातून रक्त, आणि पोटरी दगडासारखी. त्यानं काही न विचारता पाय सरळ केला, बोटं मागं ओढली, आणि स्वतःची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. मोहनराव प्यायले. थांबायचं ठरवूनही थांबता येईना. त्यांचा गळा वरखाली होताना मुलगा बघत होता. मग त्यानं त्यांच्या सॅकला बाहेरून हात लावून पाहिला, कप्प्यातली रिकामी बाटली बघितली, आणि नजर दुसरीकडे वळवली.

“जमेल ना उठायला?”

“उठतो.”

खिंडीपर्यंत दोघं सावकाश गेले. खिंडीत वाटेशेजारी एक लांबट लाकडी पेटी होती आणि तिच्यापाशी एक गोरी म्हातारी गुडघे टेकून बसली होती. तिनं झाकण उघडलं, आतून मुंगसासारखं एक मेलेलं जनावर शेपटीला धरून काढलं आणि दरीत भिरकावलं. मग हात पॅंटला पुसून हॅलो म्हणाली. ऋतुराजनं वडिलांना सांगितलं, या व्हॉलंटियर आहेत, पक्ष्यांची अंडी खाणारे स्टोट पकडायला असे सापळे लावतात, दर पंधरवड्याला कुणीतरी येऊन तपासतं.

तिनं मोहनरावांच्या हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सरळ विचारलं की पाणी किती आहे तुमच्याजवळ. ऋतुराज म्हणाला, लिटरभर. दोघांत. बाईनं भुवया उंचावल्या, पण उपदेश केला नाही. सॅकमधून बाटली काढली आणि अर्धा लिटर त्यांच्या बाटलीत ओतलं. पुढच्या शिखरावरून खाली जंगलात पोचेपर्यंत थेंब मिळणार नाही, म्हणाली, आणि या वाऱ्यात चार तास तरी लागतील.

मोहनरावांनी आपल्या इंग्रजीत तिला विचारलं, की तुम्ही स्वतः किती पाणी आणलंत.

“थ्री लिटर्स.” ती हसली. आपल्याला एकाहत्तर पूर्ण झाली, असं तिनं न विचारता सांगितलं. “अँड आय टर्न बॅक हिअर हाफ द टाइम, लव्ह.”

पेटी पुन्हा लावून, त्यात आमिषाला अंडं ठेवून, ती आल्या वाटेनं निघून गेली. तीन लिटर घेऊन चालणाऱ्या त्या बाईच्या पाठीकडे मोहनराव ती वळणाआड जाईपर्यंत बघत होते.

खिंडीत दोन पाट्या होत्या. एक वर, दुसऱ्या शिखराकडे. एक खाली. दोघं पाट्यांच्या मधे दगडावर बसले. मग ऋतुराज बोलायला लागला, आणि त्याचा आवाज सकाळचा नव्हता.

“बाबा, आपण जाऊ वरून. हळूहळू. तुमची सॅक मी घेतो. मला फारसं पाणी लागत नाही.”

“आणि ते ठरलं होतं ते? स्वतःच्या पायांनी?”

“पाय तुमचेच आहेत की. सॅकचं कुणाला कळतंय? स्नेहलला मी सांगेन, पूर्ण केला म्हणून. दोन तारखेला सोडतो तुम्हाला. खरंच.”

तो खरंच म्हणत होता, हे मोहनरावांना दिसत होतं. गवतात गुरासारखं बसलेलं बापाचं ध्यान त्याला बघवलं नव्हतं, म्हणून तो हरायला तयार झाला होता. एक ‘हो’ म्हटलं की धायरी. खिडकी, सायकल, चहा. त्यांनी वरच्या पाटीकडे पाहिलं. पाय आता बरे वाटत होते. सावकाश गेलं तर जमलंही असतं कदाचित.

“दुसरी बाटली डिकीत आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“टॉवेलाखाली ठेवली मी. सकाळी. वजन नको म्हणून. ओढ्यावर तू विचारलंस तेव्हाही बोललो नाही.”

ऋतुराज उठून उभा राहिला. चार पावलं गेला, परत आला. संताप आला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, लहानपणापासून.

“मला वाटलं सांडलं असेल. नाहीतर बाटली फुटली असेल. मी मघापासून काय काय धरून चाललोय डोक्यात, की उन्हानं जास्त लागलं असेल बाबांना, माझंच चुकलं, मी ओढ्यावर बसून भरून घ्यायला पाहिजे होतं. आणि तुम्ही मुद्दाम ठेवून आलात?” तो थांबला. “एकोणीस दिवस, बाबा. एकोणीस दिवस तुम्ही माझ्याशी रोज बोलत होतात. पाऊस किती पडला ते सांगत होतात. मी तिथं नसतो. मला तुम्ही जेवढं दाखवाल तेवढंच दिसतं. तुमच्या पायांचं मला काही वाटत नाही हो. पाय कुणाचेही जातात.”

तो पाठ करून उभा राहिला आणि दरीकडे बघत नाक ओढत राहिला. छत्तीस वर्षांचा बाप्या, केसांत पांढरं यायला लागलेलं.

मोहनराव तळहातातली कुसळं काढत बसले. दोन निघाली, तिसरं खोल गेलं होतं. त्यांच्याकडे सांगण्यासारखी पुष्कळ कारणं होती. तुला काळजी नको म्हणून. तुझं काम असतं म्हणून. तुझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं म्हणून. कारणं खोटी नव्हती. पण ती मांडायला गेलं की सगळ्यांच्या तळाशी तीच एक बाटली दिसायची.

“चल,” ते उठून म्हणाले. “खाली जाऊ.”

“तसं नाही म्हणत मी. जाऊ आपण वरून.”

“तुझ्या वाटणीचं पाणी पिऊन मला शिखर नको.” त्यांनी सॅक स्वतःच पाठीला लावली. “आणि आपलं ठरलंय. खिंडीतून उतरलं की लूप मोडला. तिकिटाचं काय ते घरी गेल्यावर कर.”

ऋतुराज काहीतरी बोलणार होता. मोहनराव तोवर खालच्या वाटेला लागलेही होते.

उतार वाईट होता. पोटरी दर वीस पावलांनी आठवण द्यायची. एका घसरड्या जागी ऋतुराजनं हात पुढे केला, आणि मोहनरावांनी तो धरला. धरायला वेळ लागला, पण धरला. जंगलात पुन्हा सावली मिळाली, ओढा मिळाला, आणि तिथं मोहनरावांनी बुटांसकट पाय पाण्यात सोडले. एक इवलासा राखाडी पक्षी उड्या मारत आला आणि ऋतुराजच्या बुटाचं टोक चोचीनं तपासू लागला. माणसाची भीती म्हणून नाही त्याला. दोघं तो उडून जाईपर्यंत हललेही नाहीत.

उतरताना बोलणं झालं ते किरकोळ. हॉर्नबीच्या लायब्ररीत मराठी पुस्तकं मागवता येतात का. बस कुठल्या स्टॉपवरून मिळते, आणि कार्ड कसं काढायचं. ऋतुराज म्हणाला, कार्ड सोपं आहे, मी दाखवतो. मग जरा थांबून म्हणाला, नाहीतर तुम्हीच जाऊन काढा.

ही वाट पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला, एका पत्र्याच्या शेडपाशी बाहेर पडली. आत फळीवर मोठी वही होती, दोरीनं पेन्सिल बांधलेली. ऋतुराज म्हणाला, डोंगरात कोण गेलं, कोण परत आलं, ते लिहितात यात. आपण आलोय ना परत, असू दे. आणि तो गाडीकडे गेला.

मोहनराव वहीपाशी थांबले. चष्मा लावला. वर कुणीकुणी आपलं नाव-गाव लिहिलेलं, त्या सकाळच्या जोडप्याचंही असेल. तिमारू. लाइपझिग. डनीडन. त्यांनी पेन्सिल घेतली आणि नोकरीतल्या वळणदार अक्षरात आपलं नाव लिहिलं. माणसं, दोन. तारीख. कुठपर्यंत गेलात, या रकान्यात त्यांनी खिंडीपर्यंत असं लिहिलं, आणि कारण विचारलं नव्हतं तरी पुढे लिहिलं, पाणी कमी आणलं.

शेवटचा रकाना घरच्या पत्त्याचा होता.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. धायरीचा पत्ता त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी पिनकोडासकट सांगता आला असता. बाहेर डिकी उघडल्याचा आवाज आला, मग सॅक टाकल्याचा.

“ऋतू,” त्यांनी आतूनच विचारलं, “आपल्या घराचा नंबर काय रे?”

ऋतुराज शेडच्या दारापर्यंत आला.

“अडतीस,” ऋतुराज म्हणाला.

मोहनरावांनी अडतीस लिहिलं, त्यापुढे रस्त्याचं नाव, त्याखाली हॉर्नबी. मग वही मिटली आणि वाऱ्यानं उघडू नये म्हणून तिच्यावर तिथलाच एक दगड ठेवला.